पाव टाकीवर थांबलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना पितळी फ्लोट आहे. माझी-तुमची ओळख असण्याचे काही कारण नाही. मोटारीत चालकाच्या पुढ्यात पेट्रोल किती उरले ते दाखवणारा काटा असतो, तो मात्र तुम्ही नक्की पाहिला असेल. काचेमागे तो ऐटीत बसतो आणि सगळे त्याच्या तोंडाकडे पाहून पुढचे बेत ठरवतात. पण खरे सांगायचे तर त्या बिचाऱ्याला स्वतःचे असे काहीच कळत नाही. त्याला कळवतो मी.

माझे घर मोटारीच्या पार मागे, सामानाच्या कप्प्याखाली, पेट्रोलच्या टाकीत आहे. मोसंब्याएवढी गोल, आतून पोकळ, सगळीकडून बंद अशी मी एक पितळी डबी. एका लांब तारेच्या दांडीला मला जोडलेले आहे. पेट्रोल चढले की मी त्याच्यावर तरंगत वर जातो, उतरले की खाली येतो. माझ्याबरोबर दांडी हलते, आणि दांडी कुठे आहे त्यावरून विजेच्या तारेतून काट्याला निरोप जातो. आयुष्यभर मी एवढेच काम केले. वर जाणे आणि खाली येणे. पण एवढ्याशा कामातही केवढी उलथापालथ होऊ शकते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. खिडकीजवळच्या बाकावर एक बाई बसत असे. तिने पितळेच्या दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडल्या, वितळलेल्या कथलाचा डाख कडेने फिरवून त्या बंद केल्या आणि मला गरम पाण्यात दाबून धरले. बुडबुडा आला असता तर मी नापास झालो असतो. तिने बराच वेळ पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "हा पोहेल." माझे आयुष्यातले ते पहिले कौतुक. नंतर मला टाकीत सोडले, वरचे झाकण आवळले, आणि पुढची सेहेचाळीस वर्षे मी उजेड पाहिला नाही.

आमची मोटार एका वजनमापे तपासनिसाने घेतली. दुकानादुकानांत जाऊन तराजू बरोबर तोलतो का, लिटरच्या मापात लिटरभरच मावते का, हे पाहायचे आणि खरे निघेल त्याच्यावर शिक्का उठवायचा, ही त्याची नोकरी. लोक त्याला मापसाहेब म्हणत. मी त्याला कधी पाहिले नव्हते, पण पत्र्यातून आवाज माझ्यापर्यंत घरंगळत येत असे, त्यावरून मी सगळ्यांना ओळखत होतो. त्याची बायको शिवणकाम शिकवायची. तिचे बोलणे टाक्यासारखे बारीक आणि नेमके होते. त्यांची एक लहान मुलगी होती. ती मागच्या सीटवर उभी राहून गाणी म्हणायची आणि वळण आले की धपकन पडायची.

मापसाहेबाची एक सवय मला फार आवडायची. मोटार सुरू करण्याआधी तो काट्याच्या काचेवर नखाने दोनदा टकटक करायचा आणि मोठ्याने सांगायचा, "पाऊण टाकी." किंवा, "अर्धी टाकी, थोडी कमी." ऐकायला कुणी असो वा नसो. कोर्टात साक्ष द्यावी तसे. आणि ती साक्ष माझी असायची. अंधारात मी काय पाहिले ते तो माणूस उजेडात, भरल्या आवाजात सांगतो आहे, या गोष्टीचे मला रोज नवल वाटे.

अशी पंधरा वर्षे सरली.

मग एके दिवशी मोटार एका खड्ड्यात जोरात आदळली. टाकीत पेट्रोल फार हिंदकळू नये म्हणून मधोमध एक उभा पत्रा बसवलेला असतो. त्याला आडपत्रा म्हणतात. त्या दणक्याने आडपत्र्याचा एक जोड सुटला आणि त्याची कड आकड्यासारखी माझ्याकडे वळली. मला तेव्हा त्याचे काही वाटले नाही. पुढच्या दोन आठवड्यांत पेट्रोल उतरत गेले, त्याच्याबरोबर मीही उतरत गेलो, आणि पाव टाकीवर माझी दांडी त्या आकड्यावर येऊन टेकली. पेट्रोल माझ्या खालून आणखी उतरले. मी उतरलो नाही. मी हवेत लटकून राहिलो, आणि काट्याला तोच निरोप जात राहिला. पाव टाकी, पाव टाकी, पाव टाकी.

अशाच एका दुपारी घरी निरोप आला की मापसाहेबाच्या सासूबाई फार आजारी आहेत, दवाखान्यात नेले आहे, लवकर या. दवाखाना साठ किलोमीटरवर होता. नवराबायको घाईने मोटारीत बसली. मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती, ती मागे बसली. बायको पुढच्या सीटवर तोंडात पदर धरून रडत होती. मापसाहेबाने काचेवर टकटक केली. पण त्या दिवशी तो मोठ्याने काही बोलला नाही. रडणाऱ्या माणसाशेजारी बसून पेट्रोलचे आकडे कोण सांगणार?

वाटेत पेट्रोल पंप लागला. तिथे गाड्यांची रांग होती. पाव टाकी म्हणजे शंभरेक किलोमीटरची निश्चिंती, असा हिशोब करून त्याने मोटार पुढे काढली. टाकीत खरे तर जेमतेम पाच लिटर होते. दवाखाना बारा किलोमीटर राहिला असताना एका चढावर इंजिनाने दोन आचके दिले आणि मोटार थांबली.

मी सगळे ऐकत होतो. तो उतरला, त्याने मागचे झाकण उघडून टाकीच्या तोंडाला कान लावला, मोटार हलवून पाहिली. "काटा पाव दाखवतोय," तो म्हणाला. "अगं, खरंच पाव दाखवतोय." बायकोने काट्याकडे वळून पाहिलेही नाही. तो डबा घेऊन रस्त्याने पळत गेला. पेट्रोल घेऊन परतायला त्याला तासाहून जास्त वेळ लागला. ते दवाखान्यात पोहोचले तेव्हा वीस मिनिटांपूर्वी सगळे संपले होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने टाकी भरून पाहिली तसा मी उचलला गेलो आणि दांडी आकड्यावरून सुटली. काटा शहाण्यासारखा वर चढला. "साहेब, काटा चोख आहे," मेकॅनिक म्हणाला. ते वाक्य मापसाहेबाला गोळीसारखे लागले असणार, कारण त्यानंतर 'काटा पाव दाखवत होता' हे वाक्य मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकले नाही.

काही महिन्यांनी बायकोचा भाऊ मोटारीत बसला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "जगाची मापं तपासणारे मापसाहेब, आणि स्वतःच्या टाकीचं माप काही त्यांना कळलं नाही." तो गमतीने म्हणाला. दोघे-तिघे हसले. बायको हसली नाही, पण तिने भावाला थांबवलेही नाही.

त्या दिवसापासून ती मोटारीत कधी पुढे बसली नाही. विचारले तर म्हणायची, "मागे पाय मोकळे सोडता येतात." त्यामुळे ती माझ्या फार जवळ आली. तिच्या आणि माझ्यात फक्त सीटची गादी आणि एक पत्रा. आणि मी रोज तिच्या पाठीशी बसून मनात म्हणत होतो, बाई, तो खरे बोलला होता, खोटे मी बोललो. पण फ्लोटला वर जाता येते आणि खाली येता येते. बोलता येत नाही.

मापसाहेबाने लाकडाची एक काठी केली, तिच्यावर सुरीने खुणा पाडल्या. रोज सकाळी टाकीच्या तोंडातून ती काठी आत उतरायची, तळाला टेकायची आणि वर जायची. टाकी अर्धी झाली की तो भरून आणायचा. त्यामुळे मी पुन्हा कधी पावापर्यंत उतरलोच नाही, आणि माझे बिंग कधी फुटले नाही. काचेवरची टकटकही थांबली.

मित्रांनो, एकतीस वर्षे अशी गेली. मापसाहेबाची नोकरी संपली, पुढे त्याला कमी दिसू लागले आणि त्याने मोटार चालवणे सोडले. मोटार घराशेजारच्या शेडमध्ये सहा वर्षे उभी राहिली. टाकीतले पेट्रोल हळूहळू उडून गेले. हवेतला ओलावा आत शिरला, रात्री पत्र्याला घाम फुटू लागला, त्याचे थेंब तळाशी जमले. टाकी आतून गंजू लागली. रोज कुठेतरी एक खपली सुटून पडायची. आणि पेट्रोल उतरता उतरता मी पुन्हा त्याच आकड्यावर येऊन लटकलो. माझ्या खाली लाल चिखल होता, आणि मी वरती पाव टाकीवर.

मुलगी आता अठ्ठेचाळीस वर्षांची झाली होती. तिचे चष्म्याचे दुकान होते. आईबाबांचे चष्मे तीच बनवायची. तिच्या मनात आले की मोटार पुन्हा चालती करावी. तिने नवी बॅटरी लावली, चावी फिरवली, काटा पावावर चढला. तरीही खात्री म्हणून तिने पाच लिटर पेट्रोल ओतले. ते आत आले आणि तळाच्या भोकांतून टपटप खाली गेले. शेडभर वास सुटला. ती घाबरून चावी काढायला धावली, तेव्हा तिने पाहिले की काटा तसूभरही हललेला नाही. सगळे पेट्रोल जमिनीवर, आणि काटा पावावर.

तशी टाकी कुठे विकत मिळेना. एका गॅरेजवाल्याने तिला पत्रेमावशीचा पत्ता दिला. पत्रेमावशी ट्रंका, झाऱ्या, नरसाळी, धान्याच्या कोठ्या बनवायची. तिच्या बापाचा तो धंदा. आयुष्यभर पत्रा ठोकून तिचे कान गेले होते. मोठ्याने बोलले तरच तिला ऐकू यायचे. मोटार ओढत तिच्या कारखान्याच्या अंगणात नेली. तिने खाली वाकून टाकीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "मोटारीची टाकी मी कधी केलेली नाही. पण हिला चार बाजू आणि एक तोंड आहे ना? मग जमेल."

टाकी उतरवताना मी हेलकावलो आणि आकड्यावरून सुटून तळाच्या गंजात पडलो. मावशीने टाकी आधी उलटी केली. दोन चमचे लाल चिखल तेवढा बाहेर पडला. मग तिने गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून टाकी तीनदा खळखळून धुतली आणि तोंड उघडे ठेवून चार दिवस वाऱ्यावर ठेवली. मुलगी घाई करू लागली तेव्हा ती म्हणाली, "पेट्रोल संपलं तरी त्याची वाफ आत दबा धरून बसते, ताई. एक ठिणगी पुरते. मी म्हातारी झाले ती घाई न केल्यामुळे." कापतानाही तिने आग वापरली नाही. छिन्नीने एक फट पाडली आणि पत्र्याच्या कात्रीने कापत गेली, कर्रर्र, कर्रर्र.

आणि मग उजेड आला.

मी त्याचे वर्णन कसे करू? आधी एक रेघ आली. ती रुंद झाली. मग आख्खे छप्पर उचलले गेल्यासारखा टाकीचा माथा बाजूला झाला, आणि माझ्या सेहेचाळीस वर्षांच्या अंधारात एका अंगणाएवढा दिवस कोसळला. वर निळे काहीतरी होते, त्याला अंतच नव्हता. मी ज्याला जग समजत होतो ते माझे घर एका बाकावर मावत होते. मग एक हात खाली आला. काळा पडलेला, नखांत कथील बसलेला, बोटांवर जुन्या जखमांच्या रेघा असलेला. त्या हाताने मला दांडीसकट उचलले. मावशीने मला कानाशी नेले नाही. तिने मला गालाच्या हाडाला लावले आणि हळूच हलवले. आत पेट्रोल शिरले असते तर तिला तिथे डुचमळ कळली असती. "कोरडा आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "बाकी सगळं गंजलं, हा शाबूत."

मला पुसून तिने बाकावर ठेवले. तिथून मला सगळे दिसत होते.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा मावशी कापलेल्या टाकीपुढे हनुवटीला हात लावून उभी होती. "तुम्ही म्हणालात काटा पाव दाखवत होता," ती म्हणाली. "आणि टाकीत तर थेंब नव्हता. म्हणून मी बघत होते. हे इकडे बघा." तिने मला पुन्हा माझ्या जागी लावले, दांडी वर धरली आणि सोडली. मी खाली आलो आणि आडपत्र्याच्या आकड्यावर टक् करून थांबलो. तिने पुन्हा सोडले. टक्. "हा जोड फार जुना तुटलेला आहे. तुटल्या जागेवर गंजाचे थरच्या थर आहेत. पाव टाकीच्या खाली हा उतरूच शकत नव्हता, ताई. कित्येक वर्षांपासून."

मुलीने खिशातून भिंग काढले, चष्म्याच्या काचा तपासायचे, आणि माझ्या दांडीवरचा ओरखडा पाहिला. मग ती शेजारच्या स्टुलावर बसली.

"मला हा पत्रा उद्या ठोकून सपाट करायचाय," मावशी म्हणाली. "त्यावरून मापं घ्यायची. मग आकडा राहणार नाही."

"उद्या नको," मुलगी म्हणाली. मावशीला ऐकू गेले नाही. मुलगी उठली, तिच्यासमोर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "मावशी, दोन दिवस थांबा. माझ्या आईला हे दाखवायचंय." मग हळू आवाजात, स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाली, "दाखवावं की नाही तेच कळत नाही. पंचाहत्तर वर्षांची आहे ती. कुणाला इतकी वर्षं चुकीचं समजलो हे या वयात कळून काय करायचं?"

हे मावशीला ओठांवरून कळले असावे. ती म्हणाली, "तुमचे बाबा आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग दाखवा."

दोन दिवसांनी ते दोघे आले. मित्रांनो, ज्यांची पावले, खोकला, हसणे मी सेहेचाळीस वर्षे ऐकले होते ती माणसे मी प्रथमच पाहत होतो. मापसाहेब माझ्या कल्पनेपेक्षा फार लहान होता. एवढा भरदार आवाज या अरुंद छातीतून यायचा, यावर माझा विश्वास बसेना. बाई मात्र आवाजासारखीच होती, बारीक आणि ताठ. मुलीने त्यांना एवढेच सांगितले होते की टाकी बघायला चला. मापसाहेब दाराशीच थांबला. टाकी या विषयापासून तो नेहमीच चार हात लांब राहत असावा.

मुलीने शेजारच्या दुकानातून लांब तार आणली होती. मावशीने तारेचे एक टोक माझ्या दांडीशी आणि दुसरे मोटारीच्या काट्याशी जोडले. कापलेली टाकी बाकावर उघडी पडली होती. आत बोट फिरवले तरी ओल लागली नसती.

"आई," मुलगी म्हणाली, "तुझा चष्मा नवा आहे. मोटारीत पुढे बस आणि काटा कुठे आहे ते सांग."

"पुढे?" बाई म्हणाली.

"मागून दिसणार नाही."

ती क्षणभर मोटारीच्या दारापाशी उभी राहिली. मग साडी सावरून, जपून, परक्याच्या घरी बसावे तशी पुढच्या सीटवर बसली. मावशीने दांडी वर उचलली.

"भरलेली," बाई आतून म्हणाली. मावशीने दांडी सावकाश सोडायला सुरुवात केली. "पाऊण. अर्धी. अर्ध्याच्या खाली. पाव." मी आकड्यावर टेकलो होतो. मावशीने हात पूर्ण काढून घेतला. "पाव," बाई पुन्हा म्हणाली. "पावच आहे. आता हलत नाही." आणि मग थोड्या वेळाने, "टाकीत किती आहे पण?"

"आई, तिथून बाहेर बघ," मुलगी म्हणाली. "टाकी इथे बाकावर आहे. कापलेली. तिच्यात काहीच नाही."

बाईने बाकाकडे पाहिले. मग काट्याकडे पाहिले. परत बाकाकडे. मावशीने हातातला हातोडा खाली ठेवला. मुलीने आकडा, तुटका जोड, गंजाचे थर, सगळे समजावून सांगितले. ती खड्ड्याबद्दल काही सांगू शकली नाही, कारण तो फक्त मला माहीत होता. पण तेवढे पुरेसे होते.

मापसाहेब दारातून पुढे आला. भिंतीला, मग बाकाला, मग मोटारीच्या छपराला हात लावत तो खिडकीशी पोहोचला आणि वाकला.

"मी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही कधी," बाई म्हणाली. ती काट्याकडेच पाहत होती.

"काय विचारायचं होतं?"

"की त्या दिवशी निघताना काटा कुठे होता."

"पावावर होता," मापसाहेब म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "पावावरच आहे."

त्याने खिडकीच्या कडेला हात टेकला. मग म्हणाला, "पहिली चार-पाच वर्षं मला खात्री होती. मग वाटायला लागलं, की मी घाईत बघितलंच नसेल. नंतर तर मलाही पटलं, की नसेलच बघितलं."

"बघितलं होतं तुम्ही," ती म्हणाली. "टकटक केली होती. मी ऐकली होती." तिने पदराने चष्मा पुसला. "उशीर झाला तो झालाच. आई काही भेटली नाही. पण ते तुमच्यामुळे नव्हतं, एवढं मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं."

मित्रांनो, मी पेट्रोलवर हजारो वेळा वर चढलो असेन. पण बाकावरच्या त्या कोरड्या टाकीत, त्या क्षणी जसे हलके वाटले तसे कधी वाटले नव्हते. माझ्या एका चुकीच्या निरोपाने एका घरात एकतीस वर्षे वजन टाकले होते. आणि ते उचलायला एका बहिऱ्या बाईचे एक बोट आणि चार हात तार पुरली.

बाईने तिथूनच भावाला फोन लावला. तोही आता म्हातारा झाला होता, त्यालाही कमी ऐकू यायचे. ती म्हणाली, "मापसाहेबांचं माप बरोबर होतं." त्याने विचारले, कसले कापड? तिने पुन्हा सांगितले. त्याने विचारले, कोण आजारी आहे? तिसऱ्या वेळी ती इतक्या मोठ्याने म्हणाली की रस्त्यावरचे दोघे थांबून आत डोकावले. मापसाहेब खाली मान घालून हसत होता. मी त्याचे हसणे ऐकले होते, पाहिले मात्र तेव्हाच.

मग मावशीने आकडा ठोकून सपाट केला आणि कामाला लागली. पुढचे नऊ दिवस मी जे पाहिले ते आठवले की मी आजही थक्क होतो. तिने जुन्या टाकीचे तुकडे पुठ्ठ्यावर ठेवून त्यांचे आकार उतरवले. कथलाचा हात दिलेला चकचकीत पत्रा बाकावर पसरला. तो इतका सपाट होता की त्यात कुणाला राहता येईल असे स्वप्नातही आले नसते. तिने तो कापला, कडा दुमडल्या, दुमडीत दुमड अडकवली आणि लाकडी हातोड्याने टप टप ठोकत गेली. तिला ते ठोके ऐकू येत नव्हते. दर चार ठोक्यांनंतर ती डोळे मिटून जोडावरून अंगठा फिरवायची आणि अंगठा अडखळला तर तेवढीच जागा पुन्हा ठोकायची. सपाट पत्र्याला पोट आले. पोटाला कोपरे आले. आणि एके दुपारी माझ्या जुन्या घराशेजारी हुबेहूब तसेच नवे घर उभे होते, ज्यात अजून जराही अंधार शिरला नव्हता.

आडपत्र्याच्या कडा तिने दोनदा आत वळवून गोल केल्या आणि प्रत्येक जोडाला डाख देऊन वर रिव्हेटही मारले. "आता हा सुटला तर मला येऊन शिव्या द्या," ती म्हणाली. मग टाकीची तोंडे बुचांनी बंद करून तिने सायकलच्या पंपाने आत हवा भरली आणि सगळ्या जोडांवर साबणाचा फेस फासला. एका कोपऱ्यात मोहरीएवढा बुडबुडा आला. तो कोपरा तिने पुन्हा उसवून केला. दुसऱ्यांदा बुडबुडा आला नाही.

टाकी मोटारीला लागली, मला आत बसवले गेले, आणि पेट्रोल भरायच्या दिवशी मापसाहेब हातात एक लांब दांड्याचे माप घेऊन आला. पाच लिटरचे, शिक्का मारलेले. त्याने सांगितले की काटा असा नुसता लावून चालणार नाही, तो तपासला पाहिजे. मुलगी माप भरून द्यायची, तो सावकाश ओतायचा, आणि बाई पुढच्या सीटवर बसून काटा वाचायची. पाच लिटर. दहा लिटर. पंधरा लिटरला काटा किंचित कमी दाखवत होता. मापसाहेबाने मला बाहेर काढायला लावले, माझी दांडी दोन बोटांत धरली आणि केसभर वाकवली. त्याचे बोट माझ्या अंगाला लागले ते तेवढ्यापुरतेच. पुन्हा ओतले. या खेपेला काटा जिथे हवा तिथेच आला. तो समाधानाने हुंकारला, जसा तो एखाद्या दुकानदाराचा तराजू खरा निघाल्यावर हुंकारत असेल.

झाकण आवळले गेले. उजेड रुंदाचा अरुंद झाला, रेघ झाला आणि गेला. मला वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. पण आता अंधारात असताना मला माहीत आहे की वर केवढे आकाश आहे आणि कुणाचे हात आहेत.

हल्ली मुलगी मोटार चालवते आणि आईबाबा दोघेही बरोबर असतात. गेल्या आठवड्यात पेट्रोल पावाच्या खाली गेले. मी बिनधोक उतरलो आणि काट्याला तसे कळवले. मोटार लगेच पंपाकडे वळली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी मोटार, फटफटी, स्टोव्ह, काहीही असो, ते नुसते उभे करून विसरू नका. टाकी रिकामी ठेवली की पाणी धरते, पाणी धरले की गंजते, आणि बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. वर्षातून एकदा कुणा जाणत्याला ती उघडून आत पाहायला सांगा. काचेमागचा काटा आमच्यासारख्यांच्या भरवशावर असतो, आणि आम्ही कधीकधी अडकतो. त्यात आमचा लबाडीचा हेतू नसतो. म्हणून एक विनवणी आहे. एखाद्या दिवशी तुमच्या घरातले कुणी म्हणाले की मी नीट पाहिले होते, आणि समोर सगळे उलटेच दिसत असेल, तर गप्प राहून त्याच्यापासून दूर जाऊन बसू नका. त्याला तिथल्या तिथे विचारा, की काय पाहिलेस, कुठे होता काटा. त्याने सांगितले की टाकी उघडा.